ताईच्या आवाजाची पेटी

आमच्या भावोजींना सगळी गल्ली 'बंदोबस्त' म्हणायची. हे नाव मीच ठेवलं होतं. त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळलं असतं तरी त्यांनी ते कापसात गुंडाळून एखाद्या डबीत ठेवलं असतं, कारण हाताला लागेल ते डबीत ठेवणं हाच त्या माणसाचा स्वभाव.

ते काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. थर्मामीटर, भिंगं, नाजूक नळ्या, असला माल दूरवर धडधाकट पोचवायचा. "वस्तू पडून फुटत नाही, आत हलून फुटते," असं ते जेवतानासुद्धा सांगायचे, आणि ताई म्हणायची, "बरं, आता पोळीचा घास आत हलू द्या." कारखान्यातून आले की मागच्या व्हरांड्यात त्यांचा दुसरा संसार सुरू व्हायचा. तिथे प्लायवूड, पत्रा, फोम, रबराच्या पट्ट्या आणि खिळ्यांचे डबे असायचे. तिथून काय काय बाहेर पडलं ते सांगत बसले तर दिवस जाईल. कॅसेटचा एक स्टँड केला होता, त्यात खटका दाबला की हवी ती कॅसेट पुढे झुकायची. पाहुण्यांसमोर खटका दाबला आणि सगळ्याच्या सगळ्या कॅसेट लोटांगण घालत जमिनीवर आल्या. सीडींसाठी स्प्रिंगचा खण केला, त्यात सीडीवर ओरखडा म्हणून उठला नाही, कारण आत गेलेली सीडी पुन्हा कुणाला बाहेरच काढता आली नाही. पुढे पेन ड्राइव्ह आले तेव्हा त्यांनी पेन ड्राइव्हला बुचाचं घर केलं, म्हणजे तो पाण्यावर तरंगेल.

"पेन ड्राइव्ह पाण्यात पडतो कशाला?" मी विचारलं.

"पडला तर," भावोजी म्हणाले.

हे 'तर' त्यांच्या मानगुटीवर बसलेलं होतं. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने भिडेखातर त्यांचे काही नमुने काउंटरवर मांडले होते. त्यांच्यावर धूळ बसायची आणि भावोजी जाऊन ती पुसून यायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. ताईला मात्र फक्त हसू यायचं.

तिच्या आवाजाबद्दल सांगायलाच हवं. थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा, प्रत्येक वाक्य म्हणजे जणू चौकशी. माझाही आवाज तसाच. फोनवर आमची आईसुद्धा फसायची. एकदा भावोजींनी कारखान्यातून फोन केला आणि मी उचलला, तर त्यांनी "तुझी ती धाकटी बहीण किती दिवस मुक्काम ठोकणार आहे?" असं मलाच विचारलं. मी शांतपणे म्हटलं, "अजून बरेच दिवस." त्यानंतर ते फोनवर आधी खात्री करून घेत.

मग ताईच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. माणूस वाचलं, आवाज गेला. ती गळ्याच्या भोकातून श्वास घ्यायची, त्यावर पातळ रुमाल बांधायची आणि पाटीवर लिहून बोलायची. लांबून हाक मारायची असेल तर भांड्यावर चमचा वाजवायची. मी फोन केला की मी बोलायचे आणि ती बोटातल्या अंगठीने रिसीव्हरवर टकटक करायची. एक टक म्हणजे हो, दोन टक म्हणजे नाही. आमचं सगळं गॉसिप त्या दोन टकांवर चालायचं, आणि खरं सांगते, चांगलं चालायचं.

दवाखान्यातून तिला एक यंत्र मिळालं होतं. ते गळ्याला लावून ओठ हलवले की शब्द उमटायचे, सपाट आणि घरघरणारे. भावोजींनी लगेच त्याला आतून मखमल लावलेली पेटी केली, घाम लागू नये म्हणून वेगळा कप्पा, बॅटऱ्यांना वेगळा. ताईने यंत्र एकदा लावून पाहिलं, पुन्हा पेटीत ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, "माझ्या तोंडून कुणीतरी दुसरंच बोलतंय. भीती वाटते." ती पेटी पुन्हा उघडली गेली नाही.

पण घरात आवाज होताच. मी स्वतः पाहिलंय म्हणून सांगते. ताई समोर बसून शेंगा सोलत असायची, व्हरांड्यातली करवत थांबायची आणि भावोजी आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणायचे, "काय म्हणालीस?" आतल्या खोलीत कुणी नसायचं. ताई शेंग हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहायची. मग ते तिला पाहायचे, ओशाळायचे आणि करवत पुन्हा सुरू व्हायची. कधी कधी नुसतंच "ओ" द्यायचे. आपली जिवंत बायको समोर बसलेली असताना माणसाने तिच्याच हाकेला भलत्या खोलीत 'ओ' द्यावी, हे पाहून माझ्या अंगावर काटा यायचा.

आणि मी बोलायला लागले की ते उठून जायचे. सुरुवातीला वाटलं, जुना राग असेल. मग एकदा मी फोन केला तेव्हा त्यांनी उचलला आणि गप्प राहिले. मी हॅलो हॅलो करतेय, पलीकडे नुसता श्वास. त्यांनी बराच वेळ मला तसंच हॅलो हॅलो करू दिलं. मी भेटल्यावर तोंडावर विचारलं, "मी काय भूत आहे का?" ते म्हणाले, "तू नाहीस गं." एवढंच बोलून बाहेर गेले. तेव्हापासून त्यांच्यासमोर मी कमीच बोलायला लागले. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल, तुम्हीच समजा.

त्या आवाजाची एक फीत होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. लग्न नवीन असताना भावोजींनी मोठ्या चकत्यांचा जुना टेपरेकॉर्डर आणला होता, बंद पडलेल्या कुठल्याशा स्टुडिओच्या अडगळीतला. सोबत जुन्या फिती. मी तेव्हा शाळेत होते आणि सुट्टीला ताईकडे आले होते. पहिल्यांदा मशीन सुरू केलं त्या संध्याकाळी मी त्या खोलीतच होते. भावोजी म्हणाले, बोल, आणि ताई बोलली, मग हसत सुटली, मग गाणं म्हणते म्हणाली आणि म्हटलं नाही. चकती संपेपर्यंत तिची बडबड. नंतर ती चकती उलट न गुंडाळता तशीच माळ्यावर गेली, आणि आवाज रोज घरात होता तोवर कुणाला तिची आठवण झाली नाही.

ऑपरेशननंतर भावोजींनी ती खाली काढली. ती वाजवायची म्हणाल तर त्या जुन्या मशीनने आदल्याच आठवड्यात दुसरी एक फीत चावून तिचा चुरा केला होता. म्हणून त्यांनी वाजवली नाही, पेटी केली. आजवर केलेल्या सगळ्या पेट्या या पेटीची रंगीत तालीम असाव्यात अशी ती होती. बाहेर सागवान, आत लोखंडी पत्रा, म्हणजे कुठल्या चुंबकाची बाधा नको. त्याच्या आत मऊ फेल्टचं अस्तर, ओल शोषणाऱ्या पुड्या, झाकणाला रबराची कड. चारी बाजूंनी स्क्रू आवळले आणि फटीत मेण ओतलं. "आता हवासुद्धा जाणार नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका निश्चिंत मी आधी कधी पाहिला नव्हता.

ताईने पाटीवर लिहिलं, "मला ऐकायचंय."

"ऐकू. चांगलं मशीन मिळू दे. एकदा वाजवली की थोडी झिजते."

ताई दर काही महिन्यांनी तेच लिहायची आणि ते तेच म्हणायचे. चांगली मशीनं मिळत होती, फीत घेऊन नवीन यंत्रावर उतरवून देणारेही होते. मी पत्ते आणून दिले. पण त्यांचं आपलं एकच पालुपद, नेताना आपटली तर, मशीनने खाल्ली तर. मी चिडून म्हटलं, "तिचा आवाज आहे, तिला ऐकायचाय, तुम्ही कोण कुलूप लावणारे?" ते उठून गेले. ताईने अंगठीने टेबलावर दोन टक केले. म्हणजे, नको बोलूस त्यांना.

वर्षं गेली. मग घरात वास यायला लागला. आंबट, व्हिनेगरसारखा. आधी वाटलं, कपाटात बाटली सांडली असेल. ताईने कपाट धुतलं. मग मोरीवर संशय गेला, मग उंदीर मेलाय असं ठरलं आणि सगळं सामान सरकवून झालं. वास जायचा नाही. दार उघडून घरात पाय ठेवला की तो उभाच असायचा, आतल्या खोलीत जास्त. ताईचा श्वास गळ्यातून, त्यामुळे तिला वास असा फारसा येत नसे, मीच नाक मुरडून तिला सांगायचे. भावोजींना विचारलं की म्हणायचे, "मला नाही येत बुवा." आतल्या खोलीकडे पाहून 'ओ' देणारा माणूस हल्ली त्या खोलीत जायचंच टाळतोय, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण त्याचा अर्थ मला लागला नाही.

मग ताईची गाठ परत आली, आणि या वेळी डॉक्टर ऑपरेशनबद्दल काही बोललेच नाहीत. घरी येऊन तिने पाटी घेतली, लिहिलं आणि भावोजींच्या मांडीवर ठेवली. "आता तरी ऐकवा."

त्यांनी पाटी बाजूला ठेवली. मग उठून आतल्या खोलीतून पेटी आणली. ती जवळ आली तसा वास वाढत गेला, आणि मला कळलं. माझा चेहरा पाहून ताईलाही कळलं, तिने माझा हात धरला.

जुन्या फिती दुरुस्त करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे आम्ही तिघं गेलो. छोटी खोली, टेबलावर पांढरा कपडा, भिंतीला मशीनं. भावोजींनी स्वतः स्क्रू काढले. रबराची कड हाताला चिकट लागत होती, जागोजागी खाल्लेली. झाकण उघडलं तेव्हा बाईंनी मान मागे घेतली आणि पटकन खिडकी उघडली. आत फीत होती, पण आक्रसलेली, कडा वळलेल्या, वाळलेल्या कांद्याच्या सालीसारखी. बाईंनी चिमट्याने टोक उचललं तर ते तुटून कपड्यावर पडलं.

"या जातीच्या फितीतून आंबट वाफ निघते," बाई म्हणाल्या. "मोकळ्या हवेत ती निघून जाते. बंद ठेवली की त्याच वाफेत फीत नासत जाते, आणि नासली की आणखी वाफ सोडते." त्यांनी सागवानावरून बोट फिरवलं. "पेटी फार चांगली आहे. साध्या उघड्या फळीवर असती तर मात्र एव्हाना सगळी वाजली असती."

भावोजी खाली बसले. "मला वास येत होता," ते म्हणाले. "पहिल्यापासून येत होता."

"मग उघडली का नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि ते उठून गेले नाहीत.

"उघडली नाही तोवर ती आत होती."

त्यांच्यावर ओरडायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं. पण मला रडू आलं. ताई रडली नाही. तिने बाईंकडे पाहून चकतीच्या मधोमध बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, हो, गाभ्यालगत थोडी शाबूत दिसते. चकती उलट गुंडाळली नव्हती म्हणून सुरुवातीचा भाग तिथे असणार. फार तर काही क्षण, आणि वाजवताना तेही जातील, पण त्याच वेळी उतरवून घेता येतील. भावोजींनी ताईकडे पाहिलं. ताईने टेबलावर एक टक केला.

आधी खरखर आली. मग एक तरुण माणूस बोलला, उत्साहाने फुटत होता नुसता. "झालं सुरू. बोल आता. अगं बोल ना काहीतरी." भावोजींचा आवाज. त्यानंतर कुणीतरी बोलण्याआधी घेतात तसा श्वास घेतला, तोंडातून, भरभरून. तो ताईचा होता. आणि फीत तुटली.

बाईंनी मशीन बंद केलं. ताईचा हात गळ्यावरच्या रुमालावर गेला. भावोजी मशीनकडे बघत होते, अजून काही यायचं बाकी आहे असे. त्या श्वासानंतर काय होतं ते मला माहीत होतं, मी त्या खोलीत होते. ताईलाही ते आठवलं, कारण ती माझ्याकडे वळली आणि तिने हनुवटीने मला खूण केली. बोल.

इतकी वर्षं मी त्या माणसासमोर आवाज दाबून ठेवला होता. तो मोकळा केला आणि वाक्य शेवटी वर चढवलं.

"काय बोलू? तिकडे दूध उतू जातंय?"

भावोजींचं तोंड मशीनकडेच होतं. "जाऊ दे," ते म्हणाले. तेव्हाही ते हेच म्हणाले होते. मग ते एकदम भानावर आले आणि घाईघाईने खिसे चाचपून मोबाईल काढू लागले. "थांब, थांब, पुन्हा म्हण, मी रेकॉर्ड करून ठेवतो, नीट ठेवतो..."

ताईने टेबलावर दोन टक केले.

त्यांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बऱ्याच वर्षांनी तिच्याकडे, आतल्या खोलीकडे नाही. मोबाईल त्यांनी खिशात ठेवला. मग मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि ताईने ते डोळे मिटून ऐकलं.