भाऊजींच्या डोळ्यात न टिकणारं भिंग

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, घड्याळं दुरुस्त करतात आणि स्वतः कुठेही वेळेवर पोहोचत नाहीत. उजव्या डोळ्याच्या खोबणीत भिंग अडकवलं की जग गेलं उडत. जेवायला बोलवायला गेलेल्या माणसाकडेही ते भिंगातूनच बघतात, आणि आपण झुरळ आहोत असं वाटायला लागतं.

तेच भिंग अलीकडे टिकेना. भाऊजी वाकले की टपकन घड्याळात. त्यांनी निदान केलं, की हल्ली भिंगंच धड बनवत नाहीत. मग कानस घेऊन वरची कड घासली. चार दिवस बरे गेले, पुन्हा टपकन. पुन्हा कानस. दुसरं भिंग आणलं, तेही घासलं. दुकानातली सगळी भिंगं उंदराने कुरतडल्यासारखी दिसायला लागली, पण स्वतःच्या भुवईला हात लावून बघायचं काही त्यांना सुचलं नाही.

एका संध्याकाळी माझ्याकडे चहा प्यायले आणि रिकामा कप मोठ्या विश्वासाने टेबलाशेजारी हवेत ठेवला.

"भाऊजी, टेबल इकडे आहे!"

"दोन आहेत ना, वहिनी. मी पलीकडच्यावर ठेवला."

चांगला कप फुटला, म्हणून मी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. उजवा डोळा डाव्यापेक्षा खाली उतरलेला आणि थोडा पुढे आलेला. भुवईखाली चाचपलं तर दगडासारखं टणक.

"भिंगामुळे घट्टा पडलाय," भाऊजी म्हणाले.

"हाडाला?" जाऊबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर जुना फोटो आणायला सांगितलं होतं. जाऊबाईंनी भिंतीवरचा लग्नाचा फोटो फ्रेमसकट उचलून आणला.

डॉक्टरीणबाईंनी आधी फोटो पाहिला, मग भाऊजींना. "तेव्हा नजर अगदी सरळ होती यांची."

"तेवढ्यापुरतीच," जाऊबाई म्हणाल्या.

सीटी स्कॅनमध्ये चोर सापडला. खोबणीच्या छताला एक पांढरीशुभ्र गाठ लटकत होती.

"हाडातून हाडच वाढलंय. क्वचित होतं असं. कॅन्सर वाटत नाही. काढल्यावर तपासून पक्कं करू. लहान असती तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. पण ही डोळ्याला ढकलतेय, म्हणून दोन-दोन दिसतंय. पापणीच्या घडीतून काढू, वण दिसायचा नाही."

"वण राहू दे हो. मला डोळ्याने नीट दिसेल ना?" भाऊजींनी विचारलं.

"बहुतेक दिसेल. पण नजरेला थोडा धोका आहे, तो मी लपवणार नाही."

त्या संध्याकाळी भाऊजींनी भिंग डाव्या डोळ्याला लावून पाहिलं. हात ऐकेनात. चिमट्यातला स्क्रू उडून कुठे गेला देव जाणे. "डावा नुसता शोभेला आहे, वहिनी," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत. मीही नाही.

ऑपरेशन झालं. गाठ ड्रिलने पोखरून तुकड्यातुकड्याने काढली. "म्हणजे सुतारकामच की!" शुद्धीवर येताच भाऊजी म्हणाले, तेव्हा जाऊबाईंना रडावं की दोन द्याव्यात ते कळेना. तपासणीतही गाठ साधीच निघाली. पण डोळा वांग्यासारखा सुजलेला, कपाळ बधिर, आणि समोर अजूनही दोन-दोन बायका. "एकीला तरी गप्प बसायला सांगा," असं म्हणून त्यांनी दोघींची बोलणी खाल्ली.

सूज पुरती उतरली, डॉक्टरीणबाईंनी कामाला परवानगी दिली आणि भाऊजी आम्हा दोघींना घेऊन दुकानात जाऊन बसले. भिंग लावलं. टपकन. दुसरं लावलं. टपकन. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. "गेलं," म्हणाले, "डोळा गेला कामातून."

"डोळा नाही, डोकं गेलंय तुमचं," जाऊबाई कडाडल्या. "गाठीच्या मापाने घासलीत ना सगळी? गाठ आहे का आता?"

त्यांनी पर्समधून एक जुनं भिंग काढलं. बोटात काटा गेला की बघायला म्हणून त्यांनी ते लग्नानंतर लगेच ढापलं होतं, त्यामुळे ते कानशीच्या तावडीतून वाचलं होतं.

भाऊजींनी ते खोबणीत बसवलं. बधिर भुवईला काही कळेना. "बसलंय का?" त्यांनी विचारलं.

"बसलंय. वाका."

भाऊजी वाकले. भिंग हललं नाही. समोरच्या उघड्या घड्याळाकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"अहो, किती दिसतायत?" जाऊबाईंनी विचारलं.

"एकच," भाऊजी म्हणाले. "आणि तेही बंद."