जुन्यावर नवी गाडी

माझ्या दारात उभी असलेली गाडी मला भांडेवाल्या मावशीने घेऊन दिली. पैसे माझे, सही माझी, दर महिन्याचा हप्ताही माझाच. तरी गाडी तिनेच घेऊन दिली, हे मी आधी सांगून टाकतो. इकडे वापीला कारखान्यातले सोबती विचारतात, "एवढी मागणी असलेली गाडी, आणि तुझ्या त्या डबड्याचे लाख रुपये? सौदा केला कोणी?" मी म्हणतो, आमच्या गावच्या एका बाईने. ती काय करते? डोक्यावर टोपलं घेऊन गावोगाव फिरते, जुन्या कपड्यांवर भांडी देते. मग ते हसतात. मीही हसतो, पण माझं हसणं निराळं असतं.

मावशी म्हटली की मला आधी तिचे वर केलेले दोन हात दिसतात. सोनाळ्यात आमच्या ओट्यावर टोपलं उतरवायची, आईने दिलेलं लुगडं झटकायची आणि दोन्ही हातांनी उन्हाकडे धरायची. कापडात होती नव्हती तेवढी भोकं उजेडात यायची. "पाह्य वं माय, चाळणी झाली याची. नेसत होती का पीठ चाळत होती?" आई चिडायची. "नको असंन तर ठेव खाली!" मावशी खाली मात्र ठेवायची नाही. पदराला एक ठिगळ, काठाला एक उसवण, असे दोष काढत काढत लुगडं तिच्या मांडीवर घडी होऊन बसायचं, आणि आमच्या घरात एक डबा यायचा.

भाव जमला नाही की ती उठायची. चुंबळ डोक्यावर ठेवायची, टोपल्याला हात घालायची. सगळ्या भांडेवाल्या तेवढं करतात आणि घुटमळतात. मावशी खरंच चालू लागायची. कितीदा आईने मला तिच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत पळवलं आहे. "टोपलं डोक्यावर घेतलं का मागं पाहू नाई," म्हणायची. "मागं पाह्यलं का समोरच्याले समजते, हिचा जीव अटकला."

आणि सौदा झाल्यावर वरून एक लहानशी वाटी द्यायची. मागितली म्हणून नव्हे. आई अजून कुरकुरत असायची, तेवढ्यात ती वाटी तिच्या हातावर यायची. "हे वरून. माणूस नाराज होऊन घरात जाऊ नाई."

माझ्याकडून मात्र तिने एकदा माल घेतला नाही. नववीत मी दुसऱ्यांदा नापास झालो आणि शाळा सोडली. त्याच आठवड्यात ती ओट्यावर आली, तर मी आतून शाळेची खाकी पँट आणि पांढरा सदरा आणून तिच्यापुढे टाकला. चांगला होता, भोक नव्हतं कुठे. मावशीने तो उन्हाकडे धरलाच नाही. घडी घालून माझ्या हातात परत दिला. "याच्यातलं पोरगं अजून निंघालं नाई," म्हणाली. "काही बनलास का मंग आणून दे. तवा घेईन." त्यानंतर चारच महिन्यांत मी एका ओळखीच्याबरोबर वापीला आलो. कपडे आईच्या पेटीत राहिले.

वापीत मी धाग्याच्या कारखान्यात मशिनीवर आहे. चौथ्या वर्षी एक जुनी गाडी घेतली, माझ्याआधी दोन मालकांनी वापरलेली. तिने मला किती पावसाळे रात्रपाळीहून घरी आणलं, किती दिवाळ्यांना सोनाळ्यापर्यंत ओढत नेलं. पण गावात शिरताना मी लाजेने काचा वर करून घ्यायचो. आता दारात आहे ती नवी छोटी गाडी बाजारात आली, रस्त्यावर जिकडे तिकडे दिसू लागली, तेव्हा मी ठरवलं, घ्यायची ती हीच, आणि नंबर आपल्या जिल्ह्याचा, एमएच अठ्ठावीस. वापीच्या शोरूमलाही एकदा गेलो होतो. काचेच्या दाराशी उभा राहिलो, आतल्या मुलीने नमस्कार केला, आणि मी तिला पत्ता विचारल्यासारखं करून परत आलो.

मग आठ दिवसांची सुट्टी काढून गावी आलो आणि पहिल्याच दिवशी खामगावच्या शोरूमला एकटा गेलो. हिशेब पाठ होता. साठवलेले पैसे आणि जुन्या गाडीचे लाख रुपये, एवढं पुढे भरलं तर उरलेल्या कर्जाचा हप्ता झेपणार होता. लाखाच्या खाली आलं की गाडी विसरायची. तिथला टाय लावलेला मुलगा फार गोड बोलला. म्हणाला, "सर, या गाडीवर सूट एक रुपया नाही, तीन महिने थांबावं लागतं. पण एक बुकिंग रद्द झालंय, पांढरी उभी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी ठेवतो. मागे दोघं तयार आहेत." मग त्यांच्या तपासनिसाने माझी जुनी गाडी पाहिली. बॉनेट उघडलं, टायरला लाथ मारली, आत-बाहेर पाच-सहा फोटो काढले आणि दोष वाचले: क्लच गेलाय, रंग उडालाय, सीट फाटलंय, तिसरा मालक, आणि असे आणखी काही. प्रत्येक दोषाला मी मान हलवत होतो. एवढंच नाही, मी आपणहून म्हणालो, "आणि पावसात हॉर्न वाजत नाही." मग तेवढ्याच आपलेपणाने सांगितलं की मी नववीपर्यंतच शिकलोय. त्यांनी सत्तर हजार सांगितले.

घरी आलो तर ओट्यावर आई आणि मावशी एका चादरीवरून भांडत होत्या. मी आईला सगळं सांगितलं. मावशी चादर तशीच हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे तू जुन्यावर नवं घेऊन राह्यला?"

"हो."

"मंग हे तं माह्यंच काम हाये! येकटा काऊन गेला बे?"

"मावशी, ते शोरूम आहे. तिथं कॉम्प्युटरवर भाव असतो."

"कॉम्प्युटरच्या मागं माणूस बसते का नाई?"

आई म्हणाली, "ने तिले. माह्या चार लुगड्याईचं तिनं वाट्टोळं केलं, येखांद्या वक्ती आपल्या कामी येऊ दे."

दुसऱ्या दिवशी मावशी धुतलेलं हिरवं लुगडं नेसून माझ्या शेजारी बसली. मांडीवर टोपल्याऐवजी कापडी पिशवी. शोरूमच्या दाराशी तिने चपला काढल्या. रखवालदार म्हणाला, "आजी, राहू द्या पायात." तर म्हणाली, "फरशी पुसणाऱ्या बाईले इचारलं का तू?" आणि तशीच अनवाणी आत गेली.

पांढरी गाडी दिव्यांखाली चमकत होती. मी तिच्याकडे पाहायला लागलो, तसा मावशीने मला कोपराने ढोसलं. "तिकडं पाहू नको. पाहुण्याच्या ताटाकडं पाहून राह्यल्यासारखा पाहते." टायवाल्या मुलाने चहा मागवला. ती चहा प्यायली, बिस्कीट पिशवीत टाकलं. तपासनीस आला आणि त्याने कालचेच दोष पुन्हा वाचले. या वेळी मी मान हलवली नाही. मी मावशीकडे पाहिलं तर ती गालात हसत होती.

"किती म्हणता?" तिने विचारलं.

"आजी, सत्तर म्हणालो होतो. तुम्ही आलात, पंचाहत्तर करतो."

"चाल बाबू." ती उठली. मुलाने बसवलं, मॅनेजर आला. मॅनेजर ऐंशी म्हणाला. तोही आकडा ऐकून मावशी उठली, आणि या वेळी थेट दाराबाहेर. चपला घातल्या, जुन्या गाडीत बसली. "चालव."

"मावशी, पांढरी एकच आहे. संध्याकाळी जाईल."

"जाऊ दे. चालव."

शेगावच्या रस्त्याला लिंबाखाली तिने गाडी थांबवायला लावली. पिशवीतून फुटाणे काढले, माझ्या हातावर ठेवले. मी ते मुठीतच धरून ठेवले. मी म्हणालो, "त्यांनी बोलावलंच नाही तर?"

"तं हेच घेऊन जाय वापीले. हे काय लंगडी हाये?" तिने गाडीच्या दारावर थाप मारली. "इतके वर्सं तुले कवा रस्त्यात टाकून आली का ही? उलीसा रंग गेला तं तू तिचे पाप सांगत सुटला. हॉर्नचं त्यानं इचारलं होतं?"

"नाही."

"नववीचं इचारलं होतं?"

मी मुठीतला एक फुटाणा सोलू लागलो.

"खोटं बोलू नाई," ती म्हणाली, "पन इचारल्याबिगर आपलं फाटकं उन्हाकडं धरू नाई. ते धरासाठी दुनिया बसली हाये." मग फुटाण्यांची टरफलं फुंकत म्हणाली, "अन् येक ध्यानात ठेव. जुन्याले नावं कोन ठेवते? ज्याले पाह्यजे थो. मले नको असलेलं लुगडं मी हातातच घेत नाई, दुरूनच म्हनते छान हाये माय, ठेव घरात. त्या तपासनाऱ्यानं किती नावं ठेवली तुह्या गाडीले? मी मोजली. आठ."

मोबाईल वाजला. मी उचलायला गेलो, तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. ती फुटाणे खात होती. तिसऱ्यांदा वाजल्यावर म्हणाली, "आता घे. अन् हाव म्हनू नको, येतो म्हन."

परत गेलो तेव्हा मी गाडी आधीसारखी आडोशाला लावली नाही, बरोबर काचेसमोर लावली. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "पंच्याण्णव. आजी, याच्यावर माझ्या हातात काही नाही." मावशीने तपासनिसाकडे बोट केलं.

"ह्या दादानं काल गाडीचे फोटो काढले का नाई?"

"काढले. नियम आहे."

"अन् कोनाले धाडले?"

तपासनीस मॅनेजरकडे पाहू लागला.

"मी तीस वर्सं जुने कपडे घेऊन राह्यली," मावशी म्हणाली. "नको असलेल्या लुगड्याचा फोटो कोनी काढत नाई, सायेब. गिऱ्हाईक तुमच्या फोनात बसलं हाये. त्याले तुमी किती लावसान, ते मी इचारत नाई. मी फक्त इतकं म्हनते, पोराले येक लाख द्या."

मॅनेजर आधी गंभीर राहिला. मग टायवाला मुलगा हसला, आणि मग मॅनेजरलाही हसू आवरेना. एक लाख झाले. कागदावर लिहून झाले, मी खालपर्यंत वाचलं, दोनदा वाचलं, कोणी घाई केली नाही, कारण मावशी टेबलावर हात ठेवून बसली होती. सही केली. तिने वर पाहून विचारलं, "आता वरून काय?"

"वरून म्हणजे?"

"आमच्यात सौदा झाल्यावर वरून वाटी देतात."

त्यांनी पायातल्या मॅटा दिल्या. तेवढ्यावर कोणीही निघालं असतं. मावशीने पिशवीत हात घातला, पाना-फुलांची नक्षी असलेली एक स्टीलची वाटी काढली आणि टायवाल्या मुलाच्या पुढ्यात ठेवली. "हे आमच्याकून. तूबी नाराज जाऊ नको, बाबू. चांगलं बोलते तू. फक्त त्या तपासनाऱ्या दादाले सांग, आठ दोष लय झाले, चारच सांगत जाय." तो मुलगा उठून तिच्या पाया पडला. पुढच्या वेळी गावी आलो आणि तिथे सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा ती वाटी त्याच्या टेबलावर होती, टाचण्या ठेवलेली.

सुट्टीच्या सातव्या दिवशी गाडी मिळाली. आई पुढच्या सीटवर बसली, हार घातला, फोटो निघाला. मावशी आली नाही, त्या दिवशी तिची टुनकी गावाची फेरी होती. आईला घरी सोडून मी तसाच टुनकीच्या रस्त्याला लागलो. संत्र्याच्या बागा संपतात तिथे ती दिसली, टोपलं डोक्यावर, पाठीला कपड्यांचं गाठोडं, एकटीच चालत होती. हॉर्न वाजवला. ती थांबली. टोपलं न उतरवता गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर तळवा ठेवला, एका हाताने टोपलं सावरत काचेतून आत पाहिलं.

"दरवाजा हलका हाये," म्हणाली. थोडं थांबून, "मागं जागा कमी हाये." मग आणखी एक फेरी. "अन् पांढरा रंग घेतला, माती दिसंन."

मी मोजत होतो. रंगाचा, काचेचा, चाकांचा, सगळे धरून अकरा दोष काढले तिने माझ्या गाडीचे. टोपल्याखाली तिचे डोळे भरून आले होते, आणि मी आयुष्यात कोणाकडून एवढी शाबासकी ऐकली नव्हती.

"बस मावशी, टुनकीले सोडून देतो."

"नाई बाबू. टोपलं डोक्यावर दिसलं नाई तं बाया जुने कपडे बाहेर आनत नाई. तू जाय. दूर जायाचं हाये तुले." आणि चालू लागली. मागे पाहिलं नाही. तिचा नियमच आहे तो, पण त्या दिवशी तिला तो जड गेला असावा, कारण वळणापर्यंत तिची चाल फार हळू होती.

आता आई फोनवर सांगते, मावशीचे गुडघे धरतात, लांबची गावं तिने सोडली. वापीत सुट्टी मागणं सोपं नाही, आणि कारखाना कधी बंद पडेल या भीतीने मी मागतही नाही. पण एक दिवाळी मी ठरवून ठेवली आहे. मावशी, त्या दिवाळीत मी तुझी सगळी फेरी करून देणार आहे. सोनाळा, टुनकी, वरवट, तू म्हणशील ती सोडलेली गावं. टोपलं गाडीच्या टपावर बांधीन, सगळ्या बायांना लांबून दिसेल असं. तू पुढे बसायचं आणि ओरडायचं. आणि निघण्याआधी आईच्या पेटीतून ती खाकी पँट आणि तो सदरा काढून तुझ्या हातात देईन. उन्हाकडे धरून पाहा, वाटेल तेवढे दोष काढ. या वेळी परत देऊ नकोस.