गडगा कोणी बांधायचा

मुलुंडच्या बाजारात एक नारळवाला बसतो. नारळ कानाशी हलवत गिऱ्हाइकाचं गाव विचारतो. मी आपलं सांगितलं, तर म्हणतो, "घर बंदच ना, काकी? कुंपणाचा गडगा पडला असेल."

दगडी गडगा खरंच पडला होता. पण ह्याला कसं ठाऊक?

"पंचायतीची नोटीस आली का, दुरुस्त करा म्हणून?"

आली होती हो! म्हटलं, "शेजारी बांधून देतोय."

त्याचा हात थांबला. "नको, काकी. आमचाही शेजाऱ्यानंच बांधला, चार हात आत सरकवून. विहीर त्याच्याकडे गेली."

खरं बोलला की माझी जागा हेरत होता, देव जाणे. घरी येऊन मी गावचं तिकीट काढलं. कधी जाणार, ते मात्र त्याला सांगितलं नाही.