प्लगला मारलेली जाळ्याची गाठ

मला घरबसल्या एक नोकरी मिळायची होती: गिऱ्हाइकांच्या तक्रारींना कॉम्प्युटरवरून उत्तरं द्यायची. मिळाली तर इथे गावी, कोंढ्यातच राहायचं, नाही तर नवऱ्याबरोबर नागपूरला बिऱ्हाड करायचं, असं ठरलं होतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्यावर एवढंच बोलले, "जा ना बापा. माहं काय, राहीन एकटा." आणि फाटकं जाळं विणत बसले. तलावात मासोळ्या धरण्यात त्यांचा जन्म गेला. पण त्या दिवशी पाहिलं तर जाळ्याची चांगली बाजूच विणून राहिले होते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी टेबलाखालून एक कोंबडी गेली, इंटरनेटच्या वायरीला धक्का लागला आणि सरावाचा कॉल बंद. प्लगची चिमटी तुटलेली, त्यामुळे तो धरून राहतच नव्हता. मी कोंबडीला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामाजींनी अंगणातून सगळं ऐकलं.

मग मी शहाणी झाले. वायर चालू, सोबत मोबाइलचा हॉटस्पॉटही चालू. कॉम्प्युटर वायरीलाच धरून चालतो. ती निघाली की आपोआप मोबाइलवर जातो. दोनदा प्लग काढून पाहिला, दोन्ही वेळा जमलं. संध्याकाळभर मी घरात अशी मिरवले की नवरा म्हणाला, "जेवाले देतं का, की तेही वायफायनं येते?"

सकाळी तलावावर जायच्या आधी मामाजी कॉम्प्युटरच्या मागे खुडबुड करत होते. मला वाटलं, धूळ पुसतात. बरं वाटलं.

अकरा वाजता पुण्याच्या मॅडम स्क्रीनवर आल्या. सगळं झकास चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "घरचं इंटरनेट बंद पडलं तर काय कराल?" अहाहा. याच प्रश्नाची तर मी वाट पाहत होते. छाती फुगवून म्हटलं, "मॅडम, माझ्याकडे दोन सोयी आहेत. एक गेली की..."

मॅडमचे डोळे अर्धे मिटले आणि तसेच राहिले.

रस्त्यावरून धानाच्या तणसानं भरलेली ट्रॉली गेली होती आणि जाताना खांबावरची वायर घेऊन गेली होती. घरातली वायर मात्र जागच्या जागी, म्हणून कॉम्प्युटर खुशाल तिलाच धरून बसलेला. मोबाइल शेजारी नुसता तयार. काही हरकत नाही, प्लग काढायचा. ओढला. निघेना. आणखी जोरात ओढला. वाकून पाहते तर काय, कॉम्प्युटरच्या मागच्या बारीक भोकांतून निळा नायलॉन ओवून प्लग चारी बाजूंनी बांधलेला, आणि गाठ जाळ्याची. जाळ्याची गाठ जितकी ओढाल तितकी आवळते. मी चांगली दोनदा ओढली होती.

कात्री सापडेना. आमच्याकडे चाकू नाही, भाजी काय नि मासोळी काय, सगळं पावशीवर बसून चिरायचं. शेवटी पावशीच उचलून आणली, पाटासकट. वायरच कापते म्हटलं, मरो.

तेवढ्यात मामाजी दारात, अंगावरून पाणी निथळतंय, खांद्यावर जाळं.

"काहून वो बाई, वायर काहून कापून राहिली?"

"तुम्ही बांधून ठेवली ना! प्लग काढायचा आहे मला."

"काढाचा? मी त निंगू नये म्हणून बांधलो."

ते टेबलावर ओणवे झाले, कॉम्प्युटरची पाठ आपल्याकडे फिरवली आणि नायलॉन दातांनी तोडला. प्लग निघाला. त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा सरळ केला. मॅडमचे डोळे उघडले, आणि त्यांना काय दिसलं असेल, तर ओलेचिंब म्हातारबुवा, तोंडात निळा दोरा, आणि मागे पावशी उगारलेली मी.

मी उरलेलं वाक्य पूर्ण केलं, "...लगेच दुसरी सुरू होते."

मॅडम हसल्या, मी हसले, मामाजी दोरा थुंकून हसले. हसता हसता मुलाखत कधी संपली कळलंच नाही. नोकरी मिळाली. रात्री नवरा म्हणाला, "अवो, इंटरनेटच्या डब्याचं बटन बंद केलं असतं तरी झालं असतं." मी पावशी जवळ ओढली. तो जेवणात लक्ष घालून बसला.

मामाजींना मी बजावलं, आता प्लगला गाठ मारायची नाही, काहीही झालं तरी. ते बरं म्हणाले.

कामाच्या पहिल्या दिवशी मी कॉल घ्यायला बसले, तर ते टेबलामागे जमिनीवर जाळं घेऊन बसलेले. एका हातानं उगाच जाळं चाचपत होते, दुसऱ्या हाताचं बोट वर करून प्लगवर दाबून धरलेलं.

"मामाजी, तलावावर नाही गेले?"

"मासोऱ्याईले आज सुटी," ते म्हणाले. "तू बोल. मी गाठ नाही मारलो."