झपताल आणि थांबलेल्या रिक्षा

"मास्तर, तुमचं गाणं राजाजीनगरला पोचलं," अक्का म्हणाल्या, "आणि हात अजून जे. पी. नगरातच!"

अक्का म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजारीण. त्यांचं घराणं बंगळुरात इतकं जुनं, की मराठी कन्नडात भिजवून वाळवलेलं. माझ्या एम. ए. म्युझिकच्या व्हायवाची रंगीत तालीम त्या घेत होत्या. मी शाळेत संगीत शिकवतो. प्रिन्सिपल मॅडमनी बजावलं होतं, "डिग्री नाही, तर जूनपासून नोकरी नाही."

थिअरी मी अशी घोकली होती, की झोपेत विचारलं तरी उत्तर देऊन वर घोरत असे. पण अक्कांनी फर्मावलं, "स्वल्प गाऊन दाखवा. झपताल. हाताने ताल धरून."

झपताल दहा मात्रांचा. तीन जागी टाळी, एका जागी 'खाली', म्हणजे टाळी न देता हात बाजूला फिरवायचा. मुलांना मी हे रोज सांगतो. वाजवतो मात्र फोनमधला तबला. त्यामुळे तोंड पुण्याला निघालं, की हात नागपूरला.

"आमच्याकडे दूधपितं पोरही हाताने ताल धरतं हो!" अक्का कर्नाटक संगीतवाल्या.

मी पेटलो. बसस्टॉपवर उभा राहून सराव सुरू केला. प्रत्येक खालीला एक रिक्षा थांबायची. "एल्लिगे, सार?" कुठे जायचंय म्हणून रिक्षावाले विचारायचे. मी मान हलवून पुढच्या आवर्तनात. बघता बघता रिक्षांची रांग चिकपेटपर्यंत गेली. ट्रॅफिक पोलिसाने मला आपल्यातलाच समजून सॅल्यूट ठोकला.

व्हायवाला परीक्षक बाईंनी नेमका झपतालच मागितला. मी गायला लागलो आणि काय सांगू, हात घड्याळासारखा! मी स्वतःच्या हाताकडे कौतुकाने पाहत राहिलो. अंतरा आला आणि शब्द गेले. नुसता 'आऽ' लावून ठेवला.

"अंतऱ्याला शब्द नाहीत?" बाईंनी विचारलं.

"आहेत मॅडम. पण सध्या सगळा स्टाफ हाताच्या ड्यूटीवर आहे."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून की रडून, ते मी विचारलं नाही. "सरी, ठीक. ताल बरोबर आहे. या आता."

काठावर पास झालो. नोकरी टिकली.

व्हायवा देणाऱ्यांना एकच सांगतो: अवघड ते सावकाश वाचा. आधी जे रोज शिकवता, ते येतं का बघा.