रवीनं काढलेला फेस

कोल्हापुरात संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. गवळी समोर धार काढतो, फेसाळलेला ग्लास हातात देतो आणि माणूस उभ्या उभ्या तो रिकामा करतो. माझ्या वडिलांनी, आबांनी, हे हयातभर केलं. ऐंशी ओलांडल्यावर न्युमोनियानं गाठलं आणि डॉक्टरांनी कच्चं दूध बंद केलं.

ते पाळायला लावणं माझ्या वाट्याला आलं. मी रक्ततपासणीच्या लॅबमधली. माझा अर्धा जन्म पांढऱ्या पेशी मोजण्यात गेला. आबांचा रिपोर्टही मीच काढला होता. पेशी भरपूर होत्या, पण त्यांचं वय काही आकड्यात दिसत नाही.

"मग अडतंय कुठं?" आबांनी विचारलं.

मी सांगितलं, "छातीत एक ग्रंथी असते, आबा. नव्या पेशींची तालीमच म्हणा. वय झालं की ती आटते, नवे गडी तयार होत नाहीत. जुन्यांना जुन्या कुस्त्या आठवतात, पण नवा रोग अंगावर आला की डाव सुचत नाही."

आबा हसले. "म्हंजे माज्यासारखंच की. पर पोरी, ह्या दुधाशी माजी जुनी वळख हाय."

मी चिडले. "हट्ट पुरे झाला," म्हणाले. त्यानंतर रोज संध्याकाळी ते चप्पल घालून उंबऱ्याशी नुसतेच बसायचे. मला ते बघवेना.

मग मी शहाणपणा केला. दूध उकळलं, कोमट केलं, रवीनं घुसळून वर फेस आणला आणि ग्लास पुढं केला. "आत्ताच कट्ट्यावरून आणलंय."

त्यांनी घोट घेतला. मिशीला फेस लागला. माझ्याकडं बघत म्हणाले, "व्हय की," आणि ग्लास संपवला. मी खूश. ते जाईपर्यंत दोन वर्षं रोज हेच चाललं.

ते गेल्यावर कट्ट्यावरचा गवळी भेटायला आला. "आबा फोनवर म्हणालते," तो म्हणाला, "लेक रोज रवीनं फेस काढतीया, लई दमतीया. पर मला कळलंय म्हून तिला सांगू नगंस."

आता माझीही साठी उलटली. संध्याकाळी दूध उकळताना हात आपोआप रवीकडं जातो. एकदा तरी ते माझ्यावर ओरडायला हवे होते.