आत्याची बोळवण

आमच्याकडे लेक माहेराहून रिकाम्या पदरानं निघत नाही. मूठभर तांदूळ असो की दोन वांगी, भावाच्या हातचं काहीतरी पदरात पडलं की मगच तिचा पाय उंबऱ्याबाहेर. बाबांनी या रिवाजाचं कुलूप करून टाकलं. आत्या पावसाळ्यापासून आमच्याकडे बल्लारपुरात होती, दम्याच्या उपचारासाठी. जरा बरं वाटताच तिनं सासरच्या गावी जायचं टुमणं लावलं. बाबा निवांत होते. मी काही देणारच नाही, मग जाईल कशी, असं त्यांचं गणित.

आत्या निघाली. ऐन पौषात, रिकाम्या पदरानं. मग बाबा पोचवायला म्हणून निघाले आणि त्यांच्यामागं मी. पोचवणं हा नुसता बहाणा होता. वाटेत तिचं मन वळवून तिला परत आणायचं होतं.

अहेरीच्या बाजूनं प्राणहितेवर आलो. तिच्या गावाला रस्ता आहे, पण आत्या म्हणाली, "त्या रस्त्यानं मी पोचीन, माही कंबर नाई पोचनार." म्हणून डोंगा. लाकूड कोरून केलेल्या दोन अरुंद होड्या एकमेकींना बांधलेल्या, म्हणजे कलंडत नाहीत. पुढं आत्या, मध्ये आम्ही, मागं बांबू घेऊन नावाडी. पाणी दक्षिणेला चाललं होतं, आम्हीही. डावीकडं जंगल, उजवीकडं तेलंगण, आणि दोन्हीकडं सारखंच धुकं.

बाबांनी सुरुवात केली. "बाई, तिथी कोन आहे तुह्यं? रात्री दम लागला त कोन पाहीन?"

"शेजारीन पाह्यते."

"अन् दवाखाना?"

"दवाखान्यात जाऊन मराची मले घाई नाई."

मला हसू फुटलं. बाबांनी असं पाहिलं की मी मुकाट्यानं पाण्याकडं बघू लागले. खरं तर मी बाबांच्याच बाजूची होते. एकटी राहिली तर ती हा हिवाळा काढेल की नाही, याची मलाही धास्ती होती.

दुपारी डोंगा रेतीत रुतला. हिवाळ्यात पाणी उतरलं की असं होतंच. नावाडी म्हणाला, "उतरा भाऊ, धक्का द्या. बाईले राहू द्या." गुडघाभर गार पाण्यात बाबा उतरले आणि जिला जाऊ द्यायचं नव्हतं तिचाच डोंगा ढकलू लागले. देवालाही थट्टा सुचते कधी कधी.

आत्याचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. कोणाच्या घरी नातू झाला, यंदा मासोळी कशी आहे, असं ती नावाड्याला विचारत सुटली होती. आमच्या घरी ती भिंतीकडं तोंड करून पडून असायची. बाबा ढकलायचे थांबले आणि तिच्याकडं बघत राहिले.

समोरच्या रेतीवर कुणी वांगी लावली होती. एक बाई ती तोडत होती. बाबा पाणी तुडवत तिच्याकडं गेले आणि ओंजळभर वांगी मागून घेऊन आले.

"हे काऊन?" आत्यानं विचारलं.

"पदर कर."

इतका वेळ एका शब्दाला दोन शब्द देणाऱ्या आत्यानं पदर पुढं केला. बाबांनी वांगी टाकली, तिच्या पाया पडले आणि पुन्हा डोंग्याला खांदा लावला.

मला ती वांगी तिच्या पदरातून काढून घ्यावीशी वाटली.